लेखकाचा हेतू: तीन रकाने की एकाच विषयाचे तीन उतारे?
लेखकाने उतारा कशासाठी लिहिला हे ओळखायला शिकवताना चौथीच्या वर्गात फळ्यावर ‘माहिती, मन वळवणं, करमणूक’ असे रकाने आखून उतारे त्यांत वाटून घेतले की दहा-पंधरा मिनिटांत काम उरकतं. उजळणीला ठीक. पण मुलं विषय बघूनच रकाना ठरवतात: प्राणी दिसला की गोष्ट, आकडा दिसला की माहिती.

दुसरी रीत, म्हणजे एकाच विषयाचे तीन उतारे देणं, अख्खा तास खाते, तरी सुरुवात तिनेच करावी. सोलापुरी चादर घ्या: विणकामाची माहिती, दुकानाची जाहिरात, चादरीत दडलेल्या मांजराची गोष्ट. प्रत्येकी पाच-सहा ओळी. विषय तोच, म्हणून नजर शब्दांवर जाते. ‘आजच घेऊन जा’सारख्या पुराव्याखाली रेघ मारल्याशिवाय उत्तर धरायचं नाही. जाहिरातीत ‘शंभर टक्के सुती’ मुद्दाम घाला. इथेच बरीच मुलं ‘माहिती’ म्हणून फसतात. तेव्हा विचारा, ‘हे वाचून तू काय करावंस असं लिहिणाऱ्याला वाटतं?’