तयार मसाल्याची चाळीस किलोची पोती : माल उत्तम, तक्ता अर्धवट

सहा मीटर लांब आणि दीड मीटर उंच अशी एक विटांची भिंत बांधताना मी या वेळी वाळू आणि सिमेंट वेगवेगळे न आणता, चाळीस किलोच्या पोत्यांत मिळणारा तयार मसाला वापरला. मालाविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही, कारण तो चांगला आहे. वाळू एकसारखी चाळलेली आहे, गुठळ्या नाहीत, आणि पोत्यावर छापल्याप्रमाणे साडेसहा लिटर पाणी घातले की मसाला थापीवर नीट बसतो, विटेवर पसरल्यावर लगेच कोरडा पडत नाही. आमच्या गवंड्याने पहिल्या घमेल्यानंतर एकही शेरा मारला नाही. त्याच्याकडून याहून मोठी शाबासकी मिळत नाही.

माझी तक्रार आहे ती पोत्याच्या पाठीवर छापलेल्या तक्त्याविषयी. त्यात लिहिले आहे की एका पोत्यात सुमारे ८५ विटांचे बांधकाम होते. माझी वीट १९० × ९० × ९० मिलिमीटरची, भिंत एका विटेच्या जाडीची (विटेच्या लांबीएवढी, १९० मिलिमीटर), म्हणजे दर चौरस मीटरला १०० विटा आणि नऊ चौरस मीटरला ९००. भागाकार केला, अकरा पोती आणली, आणि आठव्या थरावर माल संपला. अजून जवळजवळ निम्मी भिंत उभी व्हायची होती.

गवंडी माल वाया घालवतो असा माझा पहिला संशय होता, आणि तो चुकीचा ठरला. दुसऱ्या खेपेतले पहिले पोते कालवून मी मापाच्या बादलीत भरून पाहिले. कोरडे असताना सुमारे २६ लिटर जागा व्यापणारा तो माल पाणी घातल्यावर २२ लिटर भरला. हा २२ चा आकडा पोत्यावर कुठेही छापलेला नाही, आणि सगळा हिशेब त्याच्यावरच उभा आहे. साइटवर कालवलेल्या मसाल्यासाठी ओल्या घनफळाला १.३३ ने गुणून कोरडा माल काढण्याची जी सवय असते, ती येथे सोडून द्यावी लागते. पोत्यातून तयार होणारा ओला मसालाच मोजला असेल तर त्याला पुन्हा गुणण्याचे कारण उरत नाही.

मग ८५ विटा आल्या कुठून? उलटा हिशेब मांडल्यावर उलगडा झाला. एका विटेचे स्वतःचे घनफळ १.५४ लिटर. अर्ध्या विटेच्या, म्हणजे ९० मिलिमीटर जाडीच्या भिंतीत, विटांमधले मसाल्याचे सांधे १० मिलिमीटरचे धरले तर प्रत्येक वीट सांध्यांसह २०० × १०० × ९० मिलिमीटर, म्हणजे १.८ लिटर जागा घेते. फरक ०.२६ लिटरचा, आणि २२ ला ०.२६ ने भागले की ८५ च्या आसपास विटा येतात. म्हणजे तक्ता खोटा नाही; तो फक्त अर्ध्या विटेच्या भिंतीचा आहे, आणि तेवढे दोन शब्द छापायचे राहून गेले आहेत. एका विटेच्या भिंतीत दोन विटांच्या रांगांमध्ये आणखी एक उभा सांधा भरावा लागतो, त्यामुळे दर विटेला ०.३६ लिटर मसाला लागतो आणि एका पोत्यात जेमतेम ६१ विटा होतात. त्या हिशेबाने माझ्या भिंतीला अकरा नव्हे, पंधरा पोती हवी होती.

पण पंधरांवरही भागले नसते. बांधून झालेल्या थरांतले सांधे मी पट्टीने मोजले. ते सरासरी १२ मिलिमीटर भरले. दोन मिलिमीटर ऐकायला क्षुल्लक वाटतात, पण त्यांनी एकूण मसाला ३२५ लिटरवरून ३८४ लिटरवर नेला, म्हणजे जवळजवळ तीन पोती वाढली. विटा किंचित वाकड्या असतील तर गवंड्याला थर समपातळीत राखण्यासाठी सांधा जाड करावाच लागतो, त्यात त्याचा दोष नाही. शिवाय विटेच्या वरच्या अंगाला जी खाच असते तीही मसाल्यानेच भरते. माझ्या विटांची खाच १०० × ४० मिलिमीटर आणि १० मिलिमीटर खोल, म्हणजे ४० मिलिलिटरची होती. सुमारे ८७५ विटांचे मिळून ३५ लिटर. एवढ्यावरच एकोणीस पोती झाली, आणि खाली सांडलेले, घमेल्याला चिकटलेले, जेवणाच्या सुट्टीत घट्ट होऊन टाकून द्यावे लागलेले धरून विसावे.

त्याच तक्त्यात गिलाव्याची ओळ मात्र नीट छापली आहे : १२ मिलिमीटर जाडीला एका पोत्यात १.८ चौरस मीटर. माझ्या २२ लिटरशी हा आकडा जुळतो, कारण तेथे जाडी दिलेली आहे. बांधकामाच्या ओळीतही भिंतीची आणि सांध्याची जाडी छापली असती तर माझी दुसरी खेप वाचली असती. जादा पोती आणून ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण हा माल दमट हवेत कडेने धरू लागतो. माझ्या पोत्यांपैकी एकाचा कोपरा फाटला होता आणि तेथे मुठीएवढा दगड तयार झालेला होता.

छोट्या कामाला, वाळू साठवायला जागा नसताना, मी हाच माल पुन्हा घेईन. मात्र एक पोते आधी आणून, कालवून, बादलीत मोजून आणि त्याच्या पंचवीस-तीस विटा प्रत्यक्ष लावून पाहिल्याशिवाय उरलेल्यांची मागणी नोंदवणार नाही, आणि नोंदवीन ती एकदमच. दुसऱ्या खेपेच्या पोत्यांवरचा बॅच क्रमांक वेगळा होता. सांधे वाळल्यावर आठव्या थरापासून वरचा रंग खालच्यापेक्षा किंचित पिवळसर दिसू लागला, आणि पाऊस पडून भिंत ओली झाली की ती रेघ पुसल्यासारखी होते, ऊन पडले की परत उमटते.