सौरऊर्जेचा शालेय प्रयोगसंच: साहित्य उत्तम, पुस्तिका मात्र सदोष

आमच्या शाळेने यंदा आठवी-नववीसाठी सौरऊर्जेचे सहा प्रयोगसंच मागवले. प्रत्येक संचात सिलिकॉनचे चार छोटे सौर विद्युत घट, पंखा लावलेली लहान मोटर, एक लाल व एक पांढरा एलईडी, क्रोकोडाइल क्लिपच्या वायरी, मल्टीमीटर आणि मराठी मार्गदर्शक पुस्तिका मिळते. आमच्या धुळे जिल्ह्यातील मुलांना सौर पॅनेल नवे नाही. साक्री तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प आहे. मात्र पॅनेलमध्ये वीज कशी तयार होते असे विचारले, की वर्गातून हमखास एकच उत्तर येते: ते उन्हाने तापते म्हणून.

हा समज खोडून काढण्यासाठी हा संच फार उपयोगी पडला. एका घटावर मीटरने सुमारे अर्धा व्होल्ट दाखवला आणि त्यावर लाल एलईडी पेटला नाही. चारही घट एकसरीत जोडल्यावर तो पेटला, पण पांढरा पेटेना. त्याला सुमारे तीन व्होल्ट लागतात हे कळताच एका गटाने शेजारच्यांकडून दोन घट मागून आणले आणि तोही पेटवून दाखवला. मोठ्या पॅनेलवर इतके चौकोन का असतात, हे मला वेगळे सांगावे लागले नाही. दोन घटांवर पंखा फिरत असताना एका मुलीने एकाच घटावर तळहात ठेवला, तेव्हा दुसरा घट पूर्ण उन्हात असूनही पंखा थांबला. गच्चीवरील पॅनेलवर टाकीची सावली पडू देऊ नये असे का सांगतात, ते तिथेच उलगडले.

खरा धडा पुढे मिळाला. सकाळी दहा वाजता चार घटांवर २.३ व्होल्ट दिसत होते. अर्धा तास उन्हात ठेवल्यावर घट हाताला चटका देऊ लागले, तेव्हा आकडा २.१ वर उतरला, आणि घटांच्या पाठीला ओला रुमाल लावताच पुन्हा चढू लागला. सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळे होतात ते प्रकाशामुळे, आणि फॉस्फरस व बोरॉन मिसळलेल्या थरांच्या सीमेवरील विद्युतक्षेत्र त्यांना एका दिशेने ढकलते. उष्णतेने मात्र घटाचा व्होल्टेज कमी होतो. हे मी फळ्यावर अनेकदा लिहिले आहे, पण त्या रुमालाने जे पटवले ते खडूने कधी पटवले नव्हते.

म्हणूनच पुस्तिकेबद्दल मला मनापासून वाईट वाटते. तिच्या पहिल्याच पानावर ‘सूर्याच्या उष्णतेचे विजेत रूपांतर होते’ असे छापले आहे. पाणी तापवणाऱ्या सौरबंबाबाबत उष्णतेचा उल्लेख योग्य ठरला असता; येथे मात्र तो मुलांच्या मनातील चुकीवर छापील शिक्कामोर्तब करतो. पुरवठादाराला ही चूक लेखी कळवून महिना उलटला, तरी उत्तर आलेले नाही.

दोन संचांतील घटांच्या वायरींचे सोल्डर पहिल्याच आठवड्यात निघाले. ते शाळेतच दुरुस्त करता आले, तरी सोल्डरिंग गन हाताशी नसलेल्या शाळेचा प्रयोग तेवढ्यावरच अडेल. मीटर, घट आणि मोटर यांच्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. संच अवश्य घ्यावा. मात्र पुस्तिका शिक्षकांनी स्वतःकडेच ठेवावी आणि मुलांच्या हाती आधी मीटर द्यावा.