जाळी, मच्छरदाणी, लिक्विड की कॉइल: लहान मूल असलेल्या घरात पैसे कशावर घालावेत?

आधी डास चावतात कधी, ते बघा. मलेरियाचा ॲनॉफिलिस रात्री चावतो. डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारा एडिस मात्र दिवसा चावतो, त्यातही सकाळी आणि दिवस मावळायच्या सुमाराला जास्त. म्हणून फक्त झोपताना मशीन लावून भागत नाही. दुपारी पाळण्यात झोपलेलं बाळ उघडंच राहतं.

माझी पहिली पसंती खिडक्यांच्या जाळीला. खर्च एकदाच, धूर नाही, वास नाही आणि दिवसरात्र उपयोग. भाड्याच्या घरात वेल्क्रोची नायलॉन जाळी पुरते, घर सोडताना काढून नेता येते. स्वतःचं घर असेल तर सरकती ॲल्युमिनियमची बसवा. बाथरूमची झडप आणि दाराखालची फट मात्र विसरू नका, नाहीतर डास तिथून येतात आणि जाळीमुळे आतच अडकतात.

मच्छरदाणी सगळ्यांत स्वस्त आणि तान्ह्या बाळासाठी सगळ्यांत सुरक्षित. कडा गादीखाली नीट खोचायच्या. हात-पाय जाळीला टेकले तर डास बाहेरून चावतो, म्हणून जरा ऐसपैसच घ्या.

लिक्विडचं मशीन सोयीचं, पण वीज गेली की बंद. त्यात ट्रान्सफ्लुथ्रिनसारखं कीटकनाशक असतं, त्यामुळे ते पाळण्याशेजारच्या प्लगात नको, आणि खोलीत थोडी हवा खेळती हवी. मी ते जाळीला जोड म्हणूनच धरेन.

कॉइल स्वस्त दिसते, पण बंद खोलीत तिला माझा स्पष्ट नकार आहे. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळताना निघणारे सूक्ष्म कण 75 ते 137 सिगारेटींच्या धुराइतके भरले होते. घरात दमेकरी किंवा लहान मूल असेल तर विषयच संपला.

संध्याकाळी मुलं खाली खेळायला जातात तेव्हा क्रीमला पर्याय नाही. ‘डीट’ हे डास पळवणारं रसायन असलेलं क्रीम दोन महिन्यांखालच्या बाळाला लावत नाहीत. लेमन युकॅलिप्टस तेलाचं तीन वर्षांखाली नको. मुलांच्या तळहातांना लावू नका, हात तोंडात जातात.

यातलं काहीही घ्या, आठवड्यातून एक कोरडा दिवस, म्हणजे साठलेलं पाणी ओतून टाकायचा दिवस, पाळाच. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. पिंप नुसतं रिकामं करू नका, आतून घासा. एडिसची अंडी कडेला चिकटून महिनोन्महिने कोरडी तग धरतात. फ्रिजमागचा ट्रे, कूलर आणि कुंड्यांखालच्या ताटल्याही त्याच दिवशी उपसा.