विमानातून गॅमा मोजणी: सोडियम आयोडाइड की जर्मेनियम?

जमिनीतून येणारे गॅमा किरण विमानातून मोजायला यातला कोणता स्फटिक घ्यायचा? प्रश्न आकारमानाचा आहे. सर्वेक्षण विमान साधारण १०० मीटर उंचीवरून सेकंदाला ५०–६० मीटर जातं आणि नोंद दर सेकंदाला होते. एवढ्या वेळात पुरेसे काउंट (स्फटिकाने टिपलेले गॅमा किरण) जमायला मोठा स्फटिक हवा. सोडियम आयोडाइडचे १०×१०×४० सेंमीचे चार स्फटिक मिळून १६ लिटर भरतात. जर्मेनियमचा स्फटिक जेमतेम काहीशे घनसेंटिमीटरचा. दख्खनच्या बेसॉल्टवर, जिथे युरेनियम-थोरियम मुळातच कमी, तिथे जर्मेनियमला दर सेकंदाला हाती फारसं काही लागत नाही.

मग जर्मेनियम कशाला? विभेदनक्षमतेसाठी, म्हणजे जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखण्यासाठी. अणुअपघातानंतर सीझियम-१३४ची ६०५ आणि बिस्मथ-२१४ची ६०९ केईव्हीची रेषा (ठरावीक ऊर्जेचे गॅमा; केईव्ही हे त्या ऊर्जेचं एकक) आयोडाइडमध्ये एकाच ढिगात मिसळतात. जर्मेनियममध्ये आलेखावर दोन शिखरं स्वच्छ वेगळी दिसतात. पण त्याला द्रव नायट्रोजनच्या आसपासचं तापमान लागतं, आणि विमानाची थरथर शिखरं रुंदावते.

आयोडाइडचेही नखरे आहेत. तापमान बदललं की गेन (सिग्नल किती पट वाढतो ते प्रमाण) सरकतो आणि शिखरं जागा सोडतात, म्हणून पोटॅशियमचं १४६० किंवा थॅलियमचं २६१५ केईव्हीचं शिखर सतत जागेवर धरून ठेवायचं. पेटी झटक्यात तापली-थंडावली तर स्फटिक तडकतो.

अंतराळातून येणारे वैश्विक किरणही मोजणीत मिसळतात. ते वजा करण्यासाठी ३ एमईव्हीच्या (३००० केईव्हीच्या) वरची खिडकी, म्हणजे ऊर्जेचा पट्टा, वापरतात. जमिनीतल्या नैसर्गिक रेषा तिथवर पोचत नाहीत. समुद्रावर १५०० ते ३००० मीटरदरम्यान टप्प्याटप्प्याने उडून प्रत्येक खिडकीचे काउंट या खिडकीच्या काउंटसमोर मांडायचे: उतार वैश्विक वाटा देतो, छेद (रेषा अक्षाला जिथे मिळते ती किंमत) विमानाची स्वतःची पार्श्वभूमी. वारा जमिनीकडून वाहत असेल तर उड्डाण पुढे ढकला. जमिनीतून हवेत येणारा किरणोत्सारी वायू रेडॉन छेदात घुसतो.

नकाशासाठी आयोडाइडच घ्या.