रस्ता वाहनांना बंद की पदपथ रुंद?

शहराच्या मध्यवर्ती भागात पादचाऱ्यांना जागा द्यायची, तर रस्ता वाहनांसाठी पूर्ण बंद करता येतो किंवा वाहतूक चालू ठेवून पदपथ रुंद करता येतात. कोपनहेगनमधील स्ट्रॉयेट हा रस्ता १९६२ मध्ये पादचाऱ्यांसाठी राखला गेला, तेव्हा धंदा बसेल अशी दुकानदारांना धास्ती होती. आज तो गजबजलेला असतो. उलट, अमेरिकेतील कॅलमाझू शहराने १९५९ मध्ये असाच पादचारी रस्ता केला आणि १९९८ मध्ये त्याचा काही भाग वाहनांना पुन्हा खुला केला. आसपास दाट वस्ती आणि चांगली सार्वजनिक वाहतूक नसेल, तर बंद रस्ता संध्याकाळनंतर ओस पडतो, असे माझे मत आहे.

पदपथ रुंदीकरण दिसायला किरकोळ वाटते, पण साडेतीन मीटरच्या दोन मार्गिका तीन-तीन मीटरच्या केल्या की पूर्ण एक मीटर हाती लागतो, आणि चौकात पदपथ पुढे आणल्यास ओलांडायचे अंतर घटून वळणाऱ्या वाहनाला वेग आवरावा लागतो. मात्र बोलार्ड, म्हणजे गाड्या अडवणारे ठेंगणे खांब, नसतील, तर त्या वाढीव जागेवर गाड्याच उभ्या राहतात (आणि बोलार्डमधून व्हीलचेअर गेली पाहिजे, हे हमखास विसरले जाते). मालवाहतुकीला दोन्हीकडे वेळ ठरवून द्यावीच लागते. वस्ती विरळ असल्यास मी दुसरा पर्याय निवडेन.