एसडीआर-शार्पचे फ्रीक्वेन्सी स्कॅनर प्लग-इन: बेळगावच्या गच्चीवरून चार महिने

संगणकावर रेडिओ ऐकण्याच्या एसडीआर-शार्प या विनामूल्य प्रोग्रॅमसोबत चालणारे, सिग्नल हुडकणारे फ्रीक्वेन्सी स्कॅनर हे प्लग-इन (जोड-प्रोग्रॅम) मी यंदाच्या पावसाळ्याचे चार महिने टिळकवाडीतील घरी वापरले. त्यासाठी गच्चीवर पाइपाला बांधलेला साधा डायपोल अँटेना, आरटीएल-एसडीआर व्ही३ डोंगल (यूएसबीला लावायचा छोटा रेडिओ ग्राहक) आणि जुना विंडोज लॅपटॉप एवढीच सामग्री होती. नवे सिग्नल शोधून काढण्याच्या कामात हे प्लग-इन अतिशय तरबेज आहे. मात्र ठरावीक चॅनलवर दिवसभर लक्ष ठेवण्यासाठी ते बसवले, तर मनस्तापच पदरी पडतो.

त्याचा वेग कशामुळे येतो हे समजले, की मर्यादाही समजते. पारंपरिक स्कॅनर एकेका चॅनलवर थांबतो, सिग्नल आहे की नाही ते पाहतो आणि पुढे सरकतो. येथे डोंगल सेकंदाला २४ लाख नमुने घेत असेल, तर सुमारे २ मेगाहर्ट्झचा पट्टा एकाच वेळी हाती येतो (कडांजवळ सिग्नल क्षीण होत असल्यामुळे पूर्ण २.४ धरता येत नाही), त्या पट्ट्याचा वर्णपट काढून कोणत्या चॅनलची पातळी आपण ठरवलेल्या रेषेच्या वर गेली आहे हे प्लग-इन एका झटक्यात पाहते आणि मगच ट्यूनर पुढे हलवते. ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचा एफएम पट्टा त्यामुळे दहा उड्यांत संपतो. भारतात हौशी रेडिओसाठी असलेला १४४ ते १४६ मेगाहर्ट्झचा ‘टू मीटर’ पट्टा तर नेमका २ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे ट्यूनर मधोमध नीट ठेवला की उडी मारण्याची गरजच उरत नाही आणि १२.५ किलोहर्ट्झच्या पायरीने सुमारे १६० चॅनल एकाच नजरेत राहतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावरून १४५.८२५ मेगाहर्ट्झवर येणारी एपीआरएस पॅकेट (हौशी रेडिओवरील छोटे डिजिटल संदेश) जेमतेम सेकंदभराची असतात. हातातल्या साध्या संचावर चॅनल फिरवत बसलो असताना ती नेहमी निसटत. या प्लग-इनने ती पहिल्याच दिवशी पकडली.

बसवण्याची प्रक्रिया पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. पूर्वी डीएलएल फाइल मुख्य फोल्डरमध्ये टाकून प्लग-इनच्या एक्सएमएल यादीत एक ओळ हाताने लिहावी लागत असे, आता प्लग-इनचा फोल्डर ‘प्लगिन्स’मध्ये ठेवला की पुरते. परंतु एसडीआर-शार्प मायक्रोसॉफ्टच्या नव्या डॉटनेट प्रणालीवर गेल्यापासून जुन्या काळातील प्लग-इन त्यावर चालत नाहीत, त्यामुळे आपल्या आवृत्तीशी जुळणारेच उतरवून घ्यावे. माझी एक संध्याकाळ केवळ यात गेली.

खरी परीक्षा खोट्या थांब्यांची आहे. पहिल्या आठवड्यात स्कॅनर दर दोन-तीन सेकंदांनी कुठे ना कुठे अडखळत होता आणि प्रत्येक वेळी ऐकू येई ती नुसती गुणगुण. १४४.००० मेगाहर्ट्झवर तो रोज न चुकता थांबत असे. त्याचे कारण डोंगलच्या पोटातच आहे, कारण आतील ठोके देणारा स्फटिक २८.८ मेगाहर्ट्झचा असून त्याच्या पटींवर खोटे सिग्नल उमटतात, आणि त्याची पाचपट नेमकी तेवढीच भरते. असा चॅनल कायमचा कुलूपबंद करणे हाच उपाय, आणि ती सोय प्लग-इनमध्ये चांगली आहे. बाकीच्या खोट्या थांब्यांसाठी मी उद्यमबागेतील कारखान्यांना दोष देत होतो. मग एका रात्री वीज गेली, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, आणि सिग्नल दाखवणाऱ्या धबधब्यासारख्या आलेखातील निम्म्या रेषा पडद्यावरून नाहीशा झाल्या. चोर घरातच होते: जिन्यातील एलईडी दिवा आणि लॅपटॉपचा चार्जर. दिवा बदलला, चार्जरच्या वायरीला फेराइटची (गोंगाट शोषणारी) कडी लावली आणि त्यानंतरच पातळीची रेषा खाली आणता आली. गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) स्वयंचलित न ठेवता हाताने एकदा ठरवावा हेही येथेच सांगितले पाहिजे, कारण गेन हलला की गोंगाटाची पातळी हलते आणि काल बरोबर असलेली मर्यादा आज निरुपयोगी ठरते.

दुसरी अडचण वारंवारितेच्या चुकीची. स्वस्त डोंगलमध्ये ५० पीपीएमची (दशलक्षात ५० भागांची) चूक असली, तर १४५ मेगाहर्ट्झवर ती ७.२५ किलोहर्ट्झ होते, म्हणजे १२.५ च्या पायरीच्या निम्म्याहून अधिक. मग स्कॅनर बरोबर सिग्नल शेजारच्या चॅनलच्या नावावर मांडतो. व्ही३ मधील टीसीएक्सओ (तापमान बदलले तरी स्थिर राहणारा स्फटिक) १ पीपीएमचा असल्यामुळे हा प्रश्न मला आला नाही, आणि अंतराळ स्थानकाच्या गतीमुळे होणारा साडेतीन किलोहर्ट्झच्या आसपासचा डॉप्लर फरकही पायरीच्या आत राहिला.

मध्यम लहरींवर मात्र हे यंत्र केविलवाणे दिसते. गंमत म्हणून ९ किलोहर्ट्झची पायरी देऊन सोडले, तर ते धारवाड आकाशवाणीच्या ७६५ किलोहर्ट्झवर जाऊन बसले आणि तिथून उठायला तयार नव्हते. ठरावीक सेकंदांनंतर आपोआप पुढे जाण्याची सोय चालू केल्यावर ते हलले खरे. पण केंद्राची वाहक लहर अखंड चालू असते अशा पट्ट्यात स्कॅनरचे काम तरी काय?

पाळत ठेवण्याच्या कामासाठी मी शेवटी फ्रीक्वेन्सी मॅनेजर आणि स्कॅनर ही दुसरी जोडी घेतली. ती केवळ आपण जतन केलेल्या वारंवारिताच तपासते, त्यामुळे वेगात मागे आहे, पण बिनचूक चॅनलवर थांबते, आणि सोबतच्या मेट्रिक्स प्लग-इनमुळे कोणता चॅनल किती वेळा व किती काळ बोलला याची नोंद राहते. आता पहिल्याने हुडकायचे आणि दुसऱ्याच्या यादीत घालायचे, अशी माझी विभागणी झाली आहे. लिनक्सवाल्यांना एसडीआर-प्लस-प्लसमध्ये स्कॅनर अंगचाच मिळतो. तो साधा आहे, परंतु प्लग-इन उतरवण्याची कटकट त्यात नाही.

बेळगावकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. गावातच लष्करी छावणी आहे आणि सांबऱ्याला हवाई दलाचे केंद्र. स्कॅनरला आरंभ आणि शेवट मोकळा सोडला, तर तो कुठेही जाऊन थांबेल आणि त्याला त्यातले काही कळणार नाही. दुसऱ्यांसाठी असलेले संदेश ऐकणे हा हौसेचा नव्हे, कायद्याचा विषय आहे. म्हणून मी हौशी रेडिओचे दोन पट्टे आणि सार्वजनिक प्रसारण एवढ्याच मर्यादा टाकल्या असून ‘सर्व शोधा आणि जतन करा’ हा पर्याय त्यांच्याबाहेर कधीही चालू केलेला नाही. प्लग-इनच्या चौकटीत अशा मर्यादा नावानिशी साठवता येतात. चौकटीतील अक्षरे मात्र इतकी बारीक आहेत, की चष्मा असूनही मी एकदा १४४ च्या जागी १४८ वाचले होते.