नऊ एमएमचा परवाना आणि माझे ३,४६,८०० रुपये

डिसेंबर २०२४ ते मार्च २०२५ या काळात, शस्त्र परवाना आणि पिस्तूल दोन्ही मिळवून देतो असे सांगणाऱ्या एका माणसाला मी पाच वेळा मिळून ३,४६,८०० रुपये दिले, आणि माझ्या हाती आली ती केवळ एक बनावट परवाना पुस्तिका. मी एका सहकारी बँकेत २७ वर्षे कर्ज विभागात काम केले आहे. लोकांचे सातबारे, मूल्यांकन अहवाल आणि जामीनदारांच्या सह्या तपासणे हाच माझा व्यवसाय होता, त्यामुळे हे लिहिताना मान खाली जाते. पण गप्प राहिलो तर पुढचा माणूस फसेल, आणि तो फसतोच आहे, हे मला आता ठाऊक झाले आहे.

आम्ही गावात राहत नाही, मळ्यात राहतो. द्राक्षबागेच्या मधोमध घर, सर्वांत जवळची वस्ती पाऊण किलोमीटरवर, आणि रात्री आठनंतर वीज असेलच याची खात्री नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याच जवळच्या वस्तीवर दरोडा पडला. वृद्ध जोडप्याला खाटेला बांधून मारहाण केली आणि मंगळसूत्रासह सर्व नेले. त्या दिवसापासून माझ्या पत्नीला रात्रीची झोप लागेना. परवाना मागणे ही माझी हौस नव्हती, हे मी सुरुवातीलाच स्पष्ट करतो, कारण पुढे पोलीस ठाण्यात मला हाच टोमणा ऐकावा लागला.

सप्टेंबर २०२३ मध्ये मी सरकारी संकेतस्थळावर रीतसर अर्ज केला. त्याआधी तीन आठवडे मी शस्त्राचाच अभ्यास करत होतो. बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या आतले माप) दुनळी बंदूक स्वस्त पडते आणि शेतकऱ्याला ती मिळण्याची शक्यता अधिक असते, हे खरे. परंतु आमच्या घराचा बोळ अरुंद आहे आणि लांब नळी घेऊन अंधारात दार उघडणे अवघड आहे. पिस्तुलाला मॅगझिन, सेफ्टी, स्लाइड ओढणे हे सारे सरावाचे काम, आणि घाबरलेल्या माणसाच्या हातून त्यात चूक होते. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस उडाले नाही तर पुन्हा घोडा दाबला की पुढचे काडतूस समोर येते. यंत्र सोपे, सहा गोळ्या, आणि घरात अडीच-तीन मीटरपलीकडचे अंतर येतच नाही. म्हणून .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर हा माझा निर्णय झाला. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे जुन्या बनावटीचे रिव्हॉल्व्हर आणि २०१४ मध्ये आलेले वजनाने हलके 'निर्भीक' यांतले कोणते घ्यावे, एवढेच ठरायचे राहिले होते. हा तपशील सांगण्याचे कारण असे, की सामान्य नागरिकाला कोणते शस्त्र मिळू शकते आणि कोणते मिळू शकत नाही, हे मला फसण्याच्या आधीपासून पूर्ण माहीत होते.

अर्ज पडून राहिला. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे पोलिसांनी ३० दिवसांत अहवाल द्यायचा असतो. माझ्याकडे पाच महिने कोणी आलेच नाही. मार्च २०२४ मध्ये लोकसभेची आचारसंहिता लागली, तेव्हा सांगण्यात आले की आता सर्वांची शस्त्रे जमा करून घेत आहोत, नव्या परवान्याचे विचारू नका. जूनमध्ये ती संपली, तर अधिकाऱ्यांच्या बदल्या निघाल्या. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची आचारसंहिता आली. दरम्यान मी परवाना शाखेत सहा खेपा घातल्या आणि सहाही वेळा उत्तर एकच मिळाले : पोलीस अहवाल अप्राप्त. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये अशी स्पष्ट तरतूद आहे की मुदतीत अहवाल आला नाही तर परवाना प्राधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय घेऊ शकतो. ते कलम मी छापून नेले. समोरच्या लिपिकाने कागद हातातही घेतला नाही.

डिसेंबर २०२४ च्या पहिल्या आठवड्यात त्या माणसाचा फोन आला. त्याने माझे नाव, अर्जाचा क्रमांक आणि अर्जाची तारीख अचूक सांगितली. हे तीन तपशील माझ्याखेरीज फक्त कार्यालयाला माहीत होते, म्हणून मी त्याला कार्यालयाचाच माणूस समजलो. माझ्या जागी दुसरे कोणी असते तर त्यानेही तेच समजले असते, असे मला आजही वाटते. तो म्हणाला, "काका, तुमची फाइल इथे हलणार नाही. ईशान्येकडच्या एका जिल्ह्यातून ऑल इंडिया परवाना काढून देतो, मग इथे फक्त नोंद करायची." बोलणे अतिशय अदबीचे होते. पैशाची घाई त्याने एकदाही केली नाही.

पहिले ११,००० रुपये फाइलचे, यूपीआयने. मग वैद्यकीय दाखला आणि शस्त्र हाताळणीच्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र यांचे १८,५००. प्रशिक्षण मी घेतलेच नव्हते, आणि न घेतलेल्या प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र पैसे देऊन घेणे हे मी मुकाट्याने मान्य केले. यात माझा दोष आहे आणि तो मी लपवत नाही. जानेवारीत 'वरचा खर्च' म्हणून १,२०,००० रुपये रोख, बसस्थानकाबाहेर एका मुलाच्या हाती. रोखीचा कागद नसतो, एवढे तरी वाचणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

त्यानंतरचा फोन मी कधीही विसरणार नाही. फेब्रुवारीतली संध्याकाळ होती, बागेतली माणसे नुकतीच गेली होती. तो म्हणाला, "काका, .३२ चे रिव्हॉल्व्हर कशाला घेता? एवढ्याच पैशात इम्पोर्टेड नऊ एमएम पिस्तूल आले आहे, कस्टम्सच्या लिलावातले." मी विचारले, "नऊ एमएम तर निषिद्ध बोअर आहे ना?" हे शब्द माझ्याच तोंडून निघाले. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "ऑल इंडियावर चालते, काका."

चालत नाही. परवाना एका जिल्ह्याचा असो की साऱ्या देशाचा, त्याने क्षेत्र वाढते, बोअर बदलत नाही. नऊ एमएम, .३८ आणि .४५ ही सामान्य नागरिकासाठी निषिद्ध आहेत, हे मी तीन आठवडे वाचून वहीत लिहून ठेवले होते. विदेशी शस्त्रांची आयात सामान्य माणसासाठी १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे आणि म्हणूनच जुनी विदेशी पिस्तुले अनेक लाखांना विकली जातात, हेही त्याच वहीत होते. म्हणजे त्याच्या एका वाक्यात दोन अशक्य गोष्टी होत्या, दोन्ही मला ठाऊक होत्या, आणि त्यातली एक मी त्याला विचारलीही होती. तरी मी पुढे बोललो नाही. का बोललो नाही, याचा मी गेले कित्येक महिने विचार करतो आहे. तोवर १,४९,५०० रुपये गेले होते आणि ते बुडाले असे मान्य करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. शिवाय, खोटे कशाला बोलू, चांगले पिस्तूल मिळते आहे या विचाराने मनाला मोह पडला. कोणा कर्जदाराने असे उत्तर दिले असते तर मी त्याची फाइल तिथेच मिटली असती.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत जाऊन कुठल्याशा 'ट्रेडिंग' नावाच्या खात्यावर १,७५,००० रुपये एनईएफटीने पाठवले. कायद्याचा क्रम असा आहे की आधी परवाना, मग त्यात नमूद केलेल्या बोअरचे शस्त्र परवानाधारक विक्रेत्याकडून खरेदी, मग त्या शस्त्राची परवान्यावर नोंद. परवाना हाती येण्याआधी शस्त्राचे पैसे मागणारा प्रत्येक माणूस लबाड आहे. मार्चच्या सुरुवातीला 'विमा आणि वाहतूक' म्हणून आणखी २२,३०० रुपये गेले आणि टपालाने पुस्तिका आली. शिक्के, छायाचित्र, एकमेव ओळख क्रमांक म्हणजे यूआयएन, सारे होते. पत्त्याच्या रकान्यात मात्र मी त्या दूरच्या जिल्ह्याचा रहिवासी होतो, जिथे मी आयुष्यात पाऊल ठेवलेले नाही. परवान्यासाठी माझ्या दारात एकही पोलीस चौकशीला आला नव्हता, शेजाऱ्यांचे जबाब झाले नव्हते, आणि तरी परवाना आला होता. ज्याच्या घरी पोलीस आले नाहीत त्याने हाती आलेल्या परवान्यावर विश्वास ठेवू नये.

शस्त्र घ्यायला त्याने मला मध्य प्रदेशातल्या सेंधव्याच्या पुढे एका ढाब्यावर बोलावले. मी निघणार होतो. माझ्या मुलाने हट्ट धरला की आधी पुस्तिका एखाद्या शस्त्र विक्रेत्याला दाखवू. शहरातल्या त्या वयस्कर विक्रेत्याने पुस्तिका दोन मिनिटे पाहिली, एके ठिकाणी फोन केला आणि आम्हाला आतल्या खोलीत बसवले. तो यूआयएन दुसऱ्याच राज्यातल्या, दुसऱ्याच माणसाच्या बंदुकीचा होता. विक्रेता म्हणाला, "भाऊसाहेब, तुमचे पैसे गेले ते सोडा. तिकडे गेला असता तर तुमच्या हातात गावठी पिस्तूल पडले असते, आणि वाटेत नाकाबंदीत सापडला असता." मध्य प्रदेशाच्या सीमेवरच्या उमर्टीसारख्या गावांतून येणारी अशी पिस्तुले पोलिसांनी वारंवार पकडली आहेत. विनापरवाना शस्त्राला २ ते ५ वर्षे आणि निषिद्ध बोअरला २०१९ च्या दुरुस्तीनंतर ७ ते १४ वर्षे शिक्षा आहे. माझे वय ६३ आहे.

यापुढचा भाग मला अधिक संताप आणतो. फसवणारा तर फसवणाराच होता. पण ज्यांचा पगार यासाठीच निघतो त्यांनी काय केले, ते ऐका. आमच्या ठाण्यातील अंमलदाराने तक्रार वाचून पहिला प्रश्न केला, "तुम्हाला या वयात पिस्तूल कशाला हवे होते?" दुसरा प्रश्न, "लाच तुम्ही दिलीत ना? मग गुन्हा तुमच्यावरही दाखल होईल." तक्रार मागे घ्यावी म्हणून हे सांगितले जाते, हे मला त्या क्षणी कळले. मग सायबर पोलिसांकडे पाठवले. सायबरचे म्हणणे, रोख रकमेचा आमच्याशी संबंध नाही आणि उरलेल्या रकमेसाठी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर पहिल्या काही तासांतच फोन करायला हवा होता. हे मात्र खरे आहे आणि ते मी प्रत्येकाला सांगतो : शंका येताच, घरच्यांना सांगण्याचीही वाट न पाहता, १९३० फिरवा. परवाना शाखेने लेखी कळवले की सदर परवाना या कार्यालयाने निर्गमित केलेला नाही. ते तर मीच त्यांना सांगत होतो! माझ्या अर्जाचा तपशील त्या माणसाकडे कसा गेला, या माझ्या प्रश्नाला त्या पत्रात एका शब्दाचेही उत्तर नाही. त्या दूरच्या जिल्ह्याला पाठवलेल्या दोन रजिस्टर पत्रांपैकी एक परत आले, दुसऱ्याचा पत्ता नाही.

हद्दीचे कारण सांगून पोलिसांनी मला तीन ठाणी फिरवली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमाचा उल्लेख केला तेव्हा अंमलदार म्हणाला, "काका, कायदा आम्हाला शिकवू नका." शेवटी पोलीस अधीक्षकांना लेखी अर्ज केला आणि त्यानंतर २६ दिवसांनी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ (४) खाली फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. 'ट्रेडिंग'च्या खात्यात तोवर ४१२ रुपये शिल्लक होते.

जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात दिल्या गेलेल्या २ लाख ७८ हजारांहून अधिक परवान्यांचा तपास सीबीआयकडे गेला, ही बातमी मी वर्तमानपत्रात वाचली होती. बाहेरच्या राज्याचा परवाना हा प्रकार नवा नाही, आणि परवाना शाखांना तो माहीत नाही असे म्हणणे मला पटत नाही. कार्यालयाच्या भिंतीवर 'आमचा कोणीही मध्यस्थ नाही' असा एक फलक लावायला किती खर्च येतो? माझ्या सहा खेपांत मला तो दिसला नाही. आणि अर्जावर वेळेत होकार किंवा नकार दिला असता तरी पुरे होते. नकार लेखी मिळाला तर कलम १८ खाली अपील करता येते. अप्राप्त अहवालावर अपील कोणाकडे करायचे?

माझा मूळ अर्ज आजही प्रलंबित आहे. रात्री आम्ही आतून दोन कड्या लावतो, अंगणात सौर दिवे बसवले आहेत आणि दोन कुत्री पाळली आहेत.

गेल्या आठवड्यात शेजारच्या तालुक्यातील एका डाळिंब बागायतदाराचा फोन आला. माझे प्रकरण त्याने कोणाकडून तरी ऐकले होते. त्यालाही अर्जाचा क्रमांक अचूक सांगणारा फोन आला होता, तीच अदब, तोच ईशान्येकडचा जिल्हा, आणि फाइलचे ११,००० रुपये त्याने आदल्याच दिवशी भरले होते. मी त्याला फोनवरच १९३० सांगितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्यासोबत त्याच्या ठाण्यात गेलो. माझ्या तक्रारीवरून दाखल झालेल्या गुन्ह्याची प्रत मी सोबत नेली होती. अंमलदाराने ती वाचली, बाजूला ठेवली आणि त्या बागायतदाराला विचारले, "तुम्हाला पिस्तूल कशाला हवे होते?"